दुसऱ्या सोनोग्राफीपर्यंत

पाळी चुकते, घरच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात, डॉक्टर चिठ्ठी देतात आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी होते. इथपर्यंतची गोष्ट सांगायला सगळ्यांनाच आवडतं. हे पुस्तक सुरू होतं ते त्यापुढच्या ओळीपासून. पिशवी दिसते आहे, पण गर्भ दिसत नाही. गर्भ दिसतो आहे, पण ठोके आलेले नाहीत. ठोके आहेत, पण मंद आहेत. किंवा आणखी काही आठवड्यांनी, मानेमागचं पाणी जास्त भरलं आहे, डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला आहे. रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासणी करावी. ते आठ-दहा दिवस काढायचे कसे, हे त्यात लिहिलेलं नसतं.

प्रस्तावना लिहिणाऱ्यानं आधी आपला अधिकार सांगावा अशी रीत आहे. माझा अधिकार फार नाही. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. डोंबिवलीत राहतो, लिहितो, आणि या विषयावर घराघरांत किती कमी बोललं जातं हे पाहत आलो आहे. पुस्तक वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं. काळजीचा रिपोर्ट हा बहुतेक वेळा निकाल नसतो. तो अर्धवट राहिलेला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर यायला काही दिवस जावेच लागतात. डॉक्टर थांबायला सांगतात ते हात टेकले म्हणून नव्हे. थांबणं हाच तपासणीचा भाग असतो. बाईला हे कुणी नीट सांगितलं, तर दिवस सोपे होत नाहीत, पण निदान वेडेवाकडे जात नाहीत.

थांबण्यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे आणि ते फार जुनंही नाही. गर्भाची लांबी अमुक मिलिमीटर झाली तरी ठोके नाहीत, किंवा पिशवी अमुक मिलिमीटरची झाली तरी आत गर्भ नाही, म्हणजे गर्भ टिकलेला नाही, असे ठोकताळे सोनोग्राफीत पूर्वीपासून होते. पण देशादेशांत आकडे वेगळे होते. कुठे गर्भासाठी 5 मिलिमीटर, कुठे 6. पिशवीसाठी कुठे 16, कुठे 20. 2011 मध्ये लंडनच्या टॉम बोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे आकडे पुरेसे सावध नाहीत. एकच गर्भ दोन डॉक्टरांनी मोजला तर मापात फरक पडतो, आणि एवढ्याशा फरकावर जिवंत गर्भाला ‘संपला’ म्हटलं जाऊ शकतं. त्यानंतर रेषा पुढे सरकली. 2012 मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या निवेदनात 7 आणि 25 हे आकडे आले: 7 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गर्भात ठोके नसतील, किंवा 25 मिलिमीटरच्या पिशवीत गर्भच नसेल, तरच निश्चित बोलायचं. त्याखाली सगळं संशयास्पद, आणि संशय फिटवायचा तो दुसऱ्या सोनोग्राफीनं, सात ते चौदा दिवसांनी. या काळात गर्भ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. आज चार मिलिमीटर असलेला गर्भ आठवड्यानं दहा-अकरा झाला आणि ठोके आले, तर शंका संपली. नाही वाढला, तर उत्तर तेही मिळालं.

त्यातून तारखांचा घोळ वेगळाच. आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि हिशेब धरलेला असतो अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा. जिची पाळी चाळीस दिवसांनी येते, जिला पीसीओडी आहे, जिनं तारीख अंदाजानं सांगितली आहे, तिचे सात आठवडे खरे साडेपाचच असू शकतात. साडेपाच आठवड्यांना पुष्कळदा ठोके दिसत नाहीत, त्यात बिघडलेलं काही नसतं. तेव्हा पहिल्या रिपोर्टनं छातीत धस्स झालं की एवढं तरी विचारा: तारीख कुठली धरली आहे?

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. पिशवी गर्भाशयात दिसलेली नसेल आणि पोटात एका बाजूला कळ येत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, चक्कर येऊन डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा करायची आणि हॉस्पिटल गाठायचं. एकामागून एक पॅड भिजत असतील तरीही तेच.

आता हे आठ-दहा दिवस आमच्या भागात कसे जातात ते पाहा. बाई कल्याणहून किंवा डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडते. लेडीज डब्यात चौथी सीटसुद्धा नशिबानं मिळते. गरोदर बाईला उठून जागा देण्याइतकी माणुसकी त्या डब्यात अजून आहे. पण जागा मागायची तर सांगावं लागतं, आणि सांगायचं नसतं. तिसरा महिना सरेपर्यंत गोड बातमी बाहेर फोडायची नाही, दृष्ट लागते, हे सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी बजावलेलं असतं. म्हणून ती ठाण्यापर्यंत, घाटकोपरपर्यंत खांबाला धरून उभी राहते. ऑफिसात मळमळीचं कारण ‘अ‍ॅसिडिटी’ असतं. आणि रिपोर्ट वाईट आला की तेही कुणाला सांगता येत नाही, कारण मुळात बातमीच सांगितलेली नसते.

या तीन महिन्यांच्या मौनाला पूर्वी अर्थ होता, तो मी नाकारत नाही. गर्भ पडला तर गावभर चर्चा नको, एवढा शहाणपणा त्यात होता. पण आज त्या मौनाची किंमत एकटी बाई मोजते. माझं सरळ म्हणणं आहे: पंधरा जणांना सांगू नका, पण दोघांना सांगा. एक घरातला, एक कामावरचा. कामावरचा अशासाठी की दुसऱ्या सोनोग्राफीच्या दिवशी रजेचा अर्ज खोटा लिहावा लागू नये.

याच दिवसांत दोष देण्याचा उद्योग सुरू होतो. पपई खाल्लीस का, ग्रहणात बाहेर पडलीस का, गाडीत धक्का लागला का, पाण्याची बादली उचललीस का. गंमत अशी की सगळ्यात कडक उलटतपासणी बाई स्वतःचीच घेते. समजलेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप संपतात, आणि पहिल्या तीन महिन्यांत संपणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो. तो बहुधा बीज फळण्याच्या वेळीच पडलेला असतो. बाईनं आठ सत्तावीसची लोकल पकडण्याच्या कितीतरी आधी. बेडरेस्टनं गर्भ टिकतो याला पुरावा नाही, आणि पलंगावर पडून छताकडे बघत राहण्यानं मनाचं काय होतं ते पडलेल्यांना विचारावं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या-इंजेक्शनांची गोष्ट थोडी निराळी. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. सुरुवातीला रक्तस्राव होणाऱ्या सरसकट सगळ्या बायकांना त्याचा ठळक फायदा दिसला नाही. ज्यांचा आधी गर्भपात झाला होता, त्यांच्यात फायद्याची चिन्हं दिसली. म्हणून ‘मला हे इंजेक्शन का?’ हा प्रश्न उद्धट नाही. चांगले डॉक्टर त्याचं उत्तर देतात.

प्रश्न विचारण्याची सवय आपल्याकडे का नाही, याचं एक कारण सोनोग्राफीच्या खोलीत आहे. पडदा ओढलेला, उजेड मंद, स्क्रीन डॉक्टरांकडे वळवलेली, नवरा पुष्कळदा दाराबाहेर. भिंतीवर पाटी असते की इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही. या पाटीला इतिहास आहे आणि तो आपल्याला मान खाली घालायला लावणारा आहे. गर्भजल काढून तपासण्याचं तंत्र 1970 च्या दशकात भारतात आलं ते जन्मजात दोष ओळखण्यासाठी. काही वर्षांत ते मुली वेचून काढण्यासाठी वापरलं जाऊ लागलं. मुंबईतल्या स्त्रीसंघटनांनी आणि डॉक्टरांनी आवाज उठवला, आणि त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य ठरलं, 1988 मध्ये. देशाचा कायदा 1994 चा. सोनोग्राफीआधी भरून घेतला जाणारा ‘एफ’ फॉर्म त्याच कायद्याचा. कायदा हवाच होता आणि हवाच आहे. पण त्यानं डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप घातलं ते फक्त लिंगाबाबत. ठोके आहेत की नाहीत, माप किती, पाणी किती, पुढे काय करायचं, हे सांगायला कुठलाच कायदा आडवा येत नाही. काही केंद्रांत मात्र एका गोष्टीवरचं मौन सगळ्याच गोष्टींवर पसरलं आहे. बाई कपडे सावरत बाहेर येते आणि ‘रिपोर्ट मॅडमना दाखवा’ एवढंच ऐकते. मॅडमची वेळ संध्याकाळी सातची. मधल्या तासांत ती मोबाइलवर काय काय वाचते ते विचारू नका.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान दुसरी मोठी काळजी येते: एनटी स्कॅन आणि डबल मार्कर. एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागे त्वचेखाली साठलेल्या पाण्याची जाडी. ते पाणी प्रत्येक गर्भात असतं, आणि पुढे बहुधा ओसरून जातं. लंडनमध्ये काम करणाऱ्या किप्रॉस निकोलायडिस यांनी 1992 मध्ये ही जाडी आणि गुणसूत्रांचे दोष यांचा संबंध मांडला, तेव्हापासून ती मोजली जाते. मोजण्यासाठी बाळाची लांबी 45 ते 84 मिलिमीटर असावी लागते, म्हणूनच तारखेचा एवढा आग्रह. अडीच मिलिमीटर हा आकडा नुसता पाहून चांगला की वाईट ते ठरत नाही. छोट्या बाळात तो जास्त वाटेल, मोठ्या बाळात चालून जाईल. साडेतीनच्या वर गेला तर मात्र पुढची तपासणी टाळू नये, आणि ती फक्त गुणसूत्रांची नव्हे, हृदयाचीही. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावं की गुणसूत्रं नीट निघाली आणि पुढचे स्कॅन स्वच्छ आले, तर अशी पुष्कळ बाळं धडधाकट जन्मतात.

डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात. त्यात आईचं वय आणि एनटी मिसळून एक गुणोत्तर काढलं जातं. समजा, रिपोर्टवर 1:180 असं छापून आलं आणि शेजारी लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. अनेक प्रयोगशाळा 1:250 ही रेघ धरतात, त्या रेघेच्या वर गेलं की लाल शाई. आता हाच आकडा उलटा वाचा. असा रिपोर्ट आलेल्या 180 बायकांपैकी 179 जणींच्या बाळांना डाऊन सिंड्रोम नसतो. म्हणजे धोका अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. आपल्याकडे पाचव्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आणि तिचं लिहिलेलं बदलत नाही म्हणतात. प्रयोगशाळेचा छापील कागद आपण त्याच भीतीनं वाचतो. पण तो ललाटलेख नव्हे, ती चाळणी आहे. एनटी, वय आणि डबल मार्कर मिळून ही चाळणी डाऊन सिंड्रोमच्या शंभरातल्या पंचाऐंशी ते नव्वद बाळांना पकडते, आणि त्यासाठी निरोगी बाळं असलेल्या शंभरातल्या सुमारे पाच आयांना विनाकारण घाबरवते. चाळणीत अडकलेल्यांपैकी बहुतेक जणी पुढे सुटतात.

पुढचा टप्पा निवडण्याचा असतो. आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएचे तुकडे तपासणारी एनआयपीटी चाचणी डाऊन सिंड्रोमसाठी फार अचूक आहे, पण महाग आहे, आणि शेवटी तीही चाळणीच. नक्की उत्तर हवं तर सुई घालावी लागते: अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना, पंधराव्यानंतर गर्भजल. सुईनं गर्भ पडेल ही भीती सगळ्यांना असते. अनुभवी हातांत हा वाढीव धोका आता दोनशेत एकापेक्षा कमी मानला जातो.

या सुईची सवय असलेला एक समाज आपल्या शेजारीच राहतो, याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलेल्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, आणि सिंधी समाजात थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे. आईवडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची. अशा जोडप्याला अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची, हे गरोदर राहण्याआधीच ठाऊक असतं. त्यांची काळजी कमी असते असं नव्हे. पण ती आधीपासून बोललेली असते, घरात तिला शब्द असतात. ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत रिपोर्ट आल्यावर पहिल्यांदा ‘गुणसूत्र’ हा शब्द उच्चारला जातो, तोही दहावीच्या पुस्तकानंतर.

मग रिपोर्ट येताच निर्णय उरकण्याची घाई कसली असते? माझ्या मते घाईचं मोठं कारण गर्भपाताच्या कायद्याची अर्धवट माहिती. ‘वेळ निघून जाईल’ हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेलं असतं. त्याच्या मागे आपल्याच जिल्ह्यातलं एक प्रकरण उभं आहे. 2008 मध्ये भाईंदरच्या निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळला तेव्हा चोविसावा आठवडा आला होता, आणि कायद्याची मर्यादा होती वीस. त्या, त्यांचे पती आणि त्यांचे डॉक्टर निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये न्यायालयानं परवानगी नाकारली. त्याच महिन्यात त्यांचा गर्भपात आपोआप झाला. 1971 च्या त्या कायद्यावर देशभर चर्चा सुरू झाली ती तिथून, आणि दुरुस्ती अमलात यायला 24 सप्टेंबर 2021 उजाडला. आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोघांचं लागतं, ठरावीक कारणांसाठी, ज्यांत गर्भातला गंभीर दोषही येतो. चोवीसनंतर गर्भात मोठी विकृती असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. म्हणजे सातव्या किंवा बाराव्या आठवड्यात शंका आली असेल, तर दुसरं मत घ्यायला, परळला केईएम किंवा वाडियात जाऊन यायला, ठाण्यात फीटल मेडिसिनच्या तज्ज्ञांना दाखवायला वेळ आहे. नवव्या आठवड्यात, एकाच रिपोर्टवर, त्याच संध्याकाळी ‘क्युरेटिंग उद्या करून टाकू’ असं कुणी म्हणालं आणि रक्तस्राव, ताप असं तातडीचं काही नसेल, तर ‘आठवड्यानं पुन्हा बघू या का?’ असं म्हणण्याचा हक्क बाईला आहे.

आणि उत्तर वाईटच आलं तर? पुस्तकाचा मोठा भाग यावर आहे, म्हणून इथे थोडक्यात. वाट पाहणं, गोळ्या, किंवा छोटी शस्त्रक्रिया, असे तीन मार्ग असतात. तब्येत स्थिर असेल तर निवड बाईची. शस्त्रक्रिया करायची तर खरवडण्याची जुनी पद्धत सोडून ओढून घेण्याची पद्धत वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारून घ्यावं. ज्यांना मातृत्व लाभाच्या तरतुदी लागू आहेत त्यांना गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यानंच दिलेली आहे. एचआरमधल्या पुष्कळांना ती माहीत नसते, बायकांना तर नसतेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा खांबाला धरून उभी राहणारी बाई ‘खंबीर’ म्हणून कौतुकाला पात्र ठरते. लंडनमधल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भ गमावलेल्या बायकांपैकी 29 टक्क्यांमध्ये महिन्याभरानंतर तीव्र मानसिक आघाताची लक्षणं होती, आणि नऊ महिन्यांनंतरही 18 टक्क्यांमध्ये ती टिकून होती. झोप उडाली, पुन्हापुन्हा तीच खोली डोळ्यांसमोर येऊ लागली, तर 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक मराठीतही बोलतो. नवऱ्यांनीही तो लावायला हरकत नाही. त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी ते ‘ठीक आहे’ म्हणतात.

कल्याणची एक मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली आणि तिचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे 1886 मध्ये ती पेनसिल्व्हेनियातून एम.डी. होऊन डॉ. आनंदीबाई जोशी झाली, आणि तिनं प्रबंधाला विषय घेतला तोही प्रसूतिशास्त्राचाच. शाळेच्या पुस्तकापासून सिनेमापर्यंत सगळीकडे त्या बाळाला वाटा मिळतो तो एका वाक्याचा, आईच्या पुढच्या कर्तृत्वाचं कारण म्हणून. ती डॉक्टर झाली नसती तर तेही वाक्य कुणी लिहिलं नसतं. आमच्या भागातल्या हजारो घरांत असं एक न लिहिलेलं वाक्य आहे, आणि ते पहिल्यांदा बोललं गेलं म्हणून मला या पुस्तकाचं मोल वाटतं.

पुस्तक कसं वाचावं याबद्दल एक सूचना. प्रकरणं आठवड्यांच्या क्रमानं लावली आहेत, पण सगळी ओळीनं वाचायची गरज नाही. रिपोर्ट आजच हातात पडला असेल तर आपला आठवडा काढा, तेवढंच प्रकरण वाचा, आणि त्याच्या शेवटी दिलेले प्रश्न कागदावर उतरवून पुढच्या भेटीला घेऊन जा. महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात दाखवत असाल तर दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथेही तेच प्रश्न विचारता येतील. सोबत कुणाला तरी न्या, कारण डॉक्टर बोलत असताना निम्मं ऐकू येत नाही. गर्भ गमावल्याची प्रकरणं शेवटी आहेत. ज्यांना अजून उत्तर मिळालेलं नाही, त्यांनी ती आज उघडू नयेत.